गाडीचें माप

पन्नाशी उलटल्यानंतर मनुष्यानें कोणती विद्या नव्यानें शिकावी, याविषयीं आपल्या शास्त्रकारांनीं कांहीं लिहून ठेवलें असलें तर तें माझ्या वाचनांत नाहीं. मी मात्र चोपन्नाव्या वर्षीं एक विद्या शिकलों. तिला वाहनपरीक्षा म्हणतां येईल. सत्तावीस वर्षें कॉलेजांत इंग्रजी काव्य शिकविलेल्या गृहस्थानें ऐन चैत्राच्या उन्हांत जुन्या गाड्यांच्या बाजारांत उकिडवें बसावें, आणि एका टेंपोच्या पोटाखालीं डोकें घालून त्याचे पाटे न्याहाळावे, हें दृश्य कांहीं रोज दिसण्यासारखें नव्हे. तें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें नेमकें पाहिलें. तो तेथें गाड्यांची दलाली करीत होता.

"सर, गाडी बघताय?" त्यानें अदबीनें विचारलें.

"बघतोंय खरा."

"स्वतःसाठीं?"

या साध्या प्रश्नाचें उत्तर मला चटकन् देतां आलें नाहीं. गाडी नेमकी कोणासाठीं घ्यावयाची, हेंच मला तीन महिने उलगडलें नव्हतें.

आमची सांगलींत गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांची एक लहानशी मंडळी आहे. आम्ही सातजण. सर्वांत वडील अण्णा. ते तबला वाजवितात. हायस्कुलांत छत्तीस वर्षें भूमिति शिकविल्यामुळें त्यांना ताल हा वर्तुळासारखा दिसतो, आणि समेवर येणें म्हणजे निघाल्या बिंदूस परत मिळणें, असें ते सांगतात. बँकेंतल्या नोकरींतून वेळ काढून गाणाऱ्या वहिनी, महसूल खात्यांतून निवृत्त झाल्यावर पुन्हां गाऊं लागलेले भाऊसाहेब, व्हायोलिन वाजविणारे डॉक्टर, निवेदन करणाऱ्या आमच्याच कॉलेजांतल्या मराठीच्या बाई, पेटीवर मी, आणि ऑक्टोपॅड वाजविणारा एक तरुण इंजिनिअर. नाट्यगीतें आणि जुनीं भावगीतें हा आमचा संसार. आम्ही स्वतःला 'मंडळी' म्हणवितों. इंजिनिअर आम्हांला 'बँड' म्हणतो, आणि साखर कारखान्याच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाला 'गिग' म्हणतो. प्रारंभीं हा शब्द ऐकतांना भातांत खडा लागल्यासारखें होई. आतां संवय झाली आहे.

संगीत ही सर्व कलांत निराकार कला, असें मीं वर्गांत पुष्कळदां सांगितलें आहे. हें वाक्य ज्यानें प्रथम उच्चारलें त्यानें कार्यक्रम संपल्यावर सामान उचललें नसावें. आमच्या निराकार कलेचा साकार भाग असा: वहिनींच्या पट्टीचा एक तबला, भाऊसाहेबांच्या पट्टीचा दुसरा, आणि दोहोंना मिळून एक डग्गा, मिरजेच्या कारागिरानें केलेला पांच फुटी तानपुरा, हातपेटी, व्हायोलिन, ऑक्टोपॅड आणि त्याचें तिकाटणें, पंधरा इंची दोन स्पीकर व त्यांचे खांब, मिक्सर, सात माइक, वायरींचीं वेटोळीं भरलेली पत्र्याची पेटी, सतरंजी, चार तक्के, आणि बाईंची समई. याखेरीज माझ्या वडिलांची पायपेटी.

पायपेटीविषयीं दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. एका काळीं संगीत नाटक आणि ऑर्गन यांचा संबंध कुंकू आणि कपाळ यांच्यासारखा होता. रंगमंचासमोर ऑर्गनवाला बसला, त्यानें दोन्ही पाय हलविण्यास प्रारंभ केला आणि तो भरदार सूर थिएटरांत पसरला, कीं प्रेक्षक पानाचा डबा बंद करीत, असें वडील सांगत. पुढें एक नाटक मंडळी मोडली. तिचें नांव आज कोणाच्या ओठीं नाहीं. तिच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हां वडिलांनीं आपल्या नोकरीच्या पहिल्या कांहीं पगारांतून ही पायपेटी घेतली. अंग सागवानी, पायट्यांवरचें कापड तीनदां बदललेलें, आणि मंद्र सप्तकांतला एक सूर किंचित् घोगरा. त्या घोगरेपणासकट ती मला प्रिय आहे. तिचें वजन मला २०१९ सालच्या ऑगस्टांत नीट कळलें. कृष्णेचें पाणी आमच्या गल्लींत शिरलें तेव्हां गल्लींतल्या चौघांनीं ती अंधारांत माडीवर चढविली. घरांतलें फ्रीज पाण्यांत राहिलें, पुस्तकांचीं दोन कपाटें राहिलीं, पण पायपेटी वर गेली. माझ्या पत्नीनें त्याबद्दल अजून एक अक्षरहि काढलेलें नाहीं, आणि हें मौन मला पुष्कळ कांहीं सांगतें.

सामान वाहण्याची ही यातायात आमच्या गांवाला नवी नव्हे. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं येथेंच 'सीतास्वयंवर' केलें. दहा वर्षांनीं, १८५३ सालीं, त्यांची मंडळी मुंबईस खेळ करण्यास गेली. त्याच वर्षींच्या एप्रिलांत मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली, पण सांगलीच्या वाटेवर तेव्हां रूळ नव्हता. राक्षसांचे मुखवटे, देवांचे मुकुट आणि मृदंग हें सर्व घाट उतरून नेतांना त्या मंडळींनीं काय केलें असेल, याची कल्पना करण्यास मला आतां फार कष्ट पडत नाहींत. पुढें आगगाडी आली आणि नाटक मंडळ्यांचे पडदे व ट्रंका तिच्यांतून हिंडूं लागल्या. त्यानंतर मोटार-बसगाड्यांचा जमाना आला. तमाशाचे फड तर आजहि आपला सगळा संसार मालमोटारींत घालून फिरतात. पाडव्याच्या सुमारास नारायणगांवीं त्यांच्या सुपाऱ्या ठरतात, तेथें एकदां मीं त्या गाड्यांच्या रांगा पाहिल्या आहेत. कनातीपासून चुलीपर्यंत सर्व कांहीं त्यांत होतें. कला दिसते ती दोन-तीन तास. उरलेला दिवस चढविणें, बांधणें, नेणें आणि उतरविणें यांत जातो.

आम्ही आजवर भाड्याचा छोटा हत्ती करीत असूं. टाटांची ही चिमुकली मालगाडी २००५ सालीं आली, आणि पाऊण टन ओझें ती मुकाट्यानें वाहूं लागली म्हणून लोकांनीं तिला हें नांव दिलें. सामान तींत जाई. माणसें डॉक्टरांच्या व भाऊसाहेबांच्या मोटारींतून जात. अपवाद अण्णांचा. ते टेंपोंत चालकाशेजारीं बसत. आम्हीं कितीहि आग्रह केला तरी त्यांचें उत्तर एकच असे: "जिथें तबला, तिथें मी."

या हट्टाला कारण घडलें होतें. एका गणेशोत्सवांत टेंपोवाल्यानें आणलेली ताडपत्री फाटकी निघाली आणि वाटेंत पावसानें गांठलें. तानपुऱ्याला गोधड्या होत्या, तो बचावला. तबल्याची पुडी मात्र भिजली. तिच्यावरची शाई म्हणजे लोखंडाचा बारीक कीस आणि भाताची खळ यांचे, एकावर एक घोटून चढविलेले थर. त्यांना ओल लागली कीं शाई सुटूं लागते. त्या रात्रीं अण्णांनीं वहिनींच्या पट्टीचा तबला भाऊसाहेबांच्या गाण्याला घेतला आणि कार्यक्रम कसाबसा पार पाडला. पण पुढें आठ दिवस ते आमच्याशीं धड बोलले नाहींत. तेव्हांपासून तबल्याची पिशवी त्यांच्या मांडीवरून हलली नाहीं.

गेल्या जानेवारींत जतेला कार्यक्रम होता. तो रंगला. दाद देणारें गांव मिळालें म्हणजे आपण लांबतों, तसे आम्ही लांबलों. सामान भरून टेंपो निघाला तेव्हां रात्रीचा एक वाजून गेला होता. आमच्या मोटारी हलक्या, त्या पुढें आल्या. मी वाटेंत झोंपलों, घरीं येऊन पुन्हां झोंपलों, आणि पहांटे चारला फोन वाजला. कवठेमहांकाळच्या अलीकडे चालकाचा डोळा लागला होता, आणि टेंपो रस्ता सोडून शाळवाच्या उभ्या पिकांत शिरला होता. तो मुलगा सकाळपासून दुसऱ्या दोन भाड्यांवर गाडी हांकत आला होता, हें आम्हांला त्या दिवशीं कळलें. आधीं विचारलें असतें तर आधींच कळलें असतें. कोणीं विचारलें नव्हतें.

चालक सुखरूप होता. सामानहि बहुतेक सुखरूप होतें. अण्णांचा डावा हात मनगटापाशीं मोडला. गाडी उसळली तेव्हां मांडीवरचा तबला पुढच्या फळीवर आपटूं नये म्हणून त्यांनीं मध्यें हात घातला होता. तबल्याला ओरखडाहि नव्हता.

दवाखान्यांत मी त्यांच्या खाटेशीं उभा राहिलों तेव्हां मला काय बोलावें तें सुचेना. ज्या हातानें हा माणूस पन्नास वर्षें डग्गा घुमवीत आला होता तो प्लॅस्टरांत होता. आणि त्या वेळीं मी कित्येक मैल दूर, अंगावर रग घेऊन घोरत होतों. त्यांनींच माझी सुटका केली. आमच्या इंजिनिअरानें त्यांना लयीसाठीं 'टेंपो' हा शब्द शिकविला होता. "प्रोफेसर," ते म्हणाले, "जन्मभर टेंपो सांभाळला, आणि शेवटीं टेंपोनंच हात मोडला बघा." मग थोडें थांबून त्यांनीं हळूच विचारलें, "पुडी बघितलीत का? ठीक आहे ना?"

फेब्रुवारींत त्यांच्याच ओसरीवर आमची सभा भरली. प्रत्येक बिदागींतून थोडें थोडें बाजूला टाकीत तीन वर्षांत एक पुंजी झाली होती. तींतून मंडळीची स्वतःची गाडी घ्यावी, यावर सर्वांचें एकमत झालें. कोणती घ्यावी, यावर सात मतें पडलीं.

इंजिनिअरानें एक गोष्ट सांगितली. लिव्हरपूलच्या चार पोरांचा तो जगप्रसिद्ध बँड अजून जगप्रसिद्ध व्हावयाचा होता तेव्हां त्यांच्यापाशीं एक मालाची व्हॅन असे. पहिली व्हॅन त्यांच्या एका हिशेबनीस मित्रानें १९६१ सालीं ऐंशीं पौंडांस घेतलेली होती. १९६३ च्या जानेवारींत लंडनहून परततांना त्यांच्या गाडीची पुढची कांच फुटली. बाहेर मरणाची थंडी. तेव्हां ते चौघे मागें एकमेकांच्या अंगावर थर रचून पडले. वरचा गारठला कीं तो खालीं जाई आणि दुसरा वर येई. "पण होते सगळे एकाच गाडींत," इंजिनिअर म्हणाला. त्या वेळीं आम्ही हंसलों. वहिनी मात्र हंसल्या नाहींत. त्या अण्णांच्या झोळींतल्या हाताकडे पाहात होत्या.

वाहन निवडण्याची पहिली पायरी म्हणजे गाड्या पाहणें, असा माझा समज होता. अण्णांनीं तो खोडून काढला. "आधीं आंत काय जायचंय तें मापा, मग गाडी मापा," असें म्हणून त्यांनीं मला वही देऊन बसविलें. प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, उंची आणि वजन मांडलें. पायपेटी सोडून बेरीज अडीचशें किलोंच्या आसपास भरली. म्हणजे छोट्या हत्तीच्या शक्तीचा तिसरा हिस्सा. ही गोष्ट मला प्रथम फायद्याची वाटली. ती तोट्याची असते हें बाजारांत कळलें. मालगाडीचे पाटे पुऱ्या ओझ्यासाठीं घडविलेले असतात. ओझें थोडें असलें कीं ते दबत नाहींत, आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर पोंचतो. वाळूच्या पोत्याला त्याचें कांहीं नाहीं. पेटीच्या पितळी सुरांना आहे, आणि अडुसष्ट वर्षांच्या मणक्यालाहि आहे.

याच रीतीनें एकेक धडा मिळत गेला. सर्वांत जड वस्तूपेक्षां सर्वांत लांब वस्तु अधिक छळते. तानपुरा दुमडतां येत नाहीं. गाडीचा ओटा भुईपासून किती उंच आहे हें पाहावें, कारण वीस किलोंचा स्पीकर कमरेपर्यंत उचलणें निराळें आणि छातीपर्यंत उचलणें निराळें, आणि हें रात्रीं एक वाजतां, भुकेल्या पोटीं करावयाचें असतें. गाडी बंद असावी, पण मे महिन्याच्या उन्हांत ती उभी करून सामान आंत ठेवूं नये. सरस सुटतो आणि भोपळ्याला चीर जाते. जें रंगमंचावर आधीं लागतें तें शेवटीं भरावें. सतरंजी जर स्पीकरांच्या तळाशीं गेली तर सर्व सामान रस्त्यावर काढून ठेवावें लागतें, आणि बघ्यांना फुकटचा कार्यक्रम होतो. जड वस्तु खालीं आणि पुढच्या बाजूस असाव्या, मागच्या दाराशीं नसाव्या. माणसें आणि सामान एकाच गाडींत असतील तर मध्यें लोखंडी जाळी पाहिजेच. गाडी एकाएकीं थांबली तर स्पीकर थांबत नाहीं. आणि परतीच्या वाटेवर ताजे असे दोन चालक असावेत. हा धडा आम्ही बाजारांत शिकलों नाहीं.

कायद्याची बाजू भाऊसाहेबांनीं सांभाळली. मालगाडीच्या मागच्या भागांत माणसें बसवितां येत नाहींत, हें त्यांनीं प्रथमच बजावलें. हलक्या मोटारीचा परवाना असलेल्या माणसाला साडेसात टनांपर्यंतचें भाड्याचें वाहनहि हांकतां येतें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांच्या पीठानें २०२४ सालच्या नोव्हेंबरांत दिला. तो त्यांनीं आम्हांला दोनदां समजावून सांगितला. गाडींतलें एखादें आसन काढावयाचें तर आर. टी. ओ. ची मंजुरी आणि नोंद हवी, नाहींतर अपघाताच्या वेळीं विमावाला हात वर करतो, हेंहि त्यांनींच सांगितलें.

गाड्यांविषयीं विस्तार करीत नाहीं. मारुतीची व्हॅन १९८४ सालीं आली आणि पुढें ऑम्नि या नांवानें २०१९ पर्यंत निघत होती. तिच्या पाठची इको २०१० सालची. दोहोंचा ओटा ठेंगणा, दारें सरकतीं, आणि चालविण्यास घरगुती. पण सामान भरलें तर माणसें रस्त्यावर, आणि माणसें भरलीं तर सामान. ट्रॅव्हलरमध्यें दोन्ही मावून वर वरातहि मावली असती. ती आमच्या पुंजींत मावत नव्हती, आणि आमच्या गल्लींतहि वळत नव्हती. उरल्या दोन. एक म्हणजे जुनाच, पण स्वतःच्या मालकीचा छोटा हत्ती, वर पत्र्याचा बंद डबा बसविलेला. दुसरी, आमच्याकडे जिला वडाप म्हणून सर्व ओळखतात ती ट्रॅक्स क्रूझर. टेंपो हें नांव मूळचें एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचें. १९५८ सालीं फिरोदियांनीं त्याच्या सहकार्यानें बजाज टेंपो ही कंपनी काढली, आणि तिच्या तिचाकी गाडीपासून हा शब्द आपल्या भाषेंत असा रुजला कीं आज कोणाचीहि मालगाडी टेंपोच. २००५ सालीं तिनें फोर्स असें नांव घेतलें. क्रूझर याच घराण्यांतली. पुढें तिघे, मध्यें चौघे, आणि मागचीं बांकें काढलीं तर सर्व सामान. सातजण आणि अडीचशें किलो, जणूं आमच्यासाठींच मापून केलेली.

मी टेप घेऊन तिच्या मागच्या दाराशीं गेलों. तानपुरा जात होता. स्पीकर जात होते. मग मीं दाराची उंची मापली, वहींतला आकडा पाहिला, आणि पुन्हां मापली. पायपेटी चार बोटें उंच होती.

ती आडवी घालतां येत नाहीं, भाता फाटतो. टपावर घालतां येत नाहीं. ऊन आणि धूळ तिला खातात. मीं टेप गुंडाळली आणि कोणाला कांहीं न सांगतां घरीं आलों.

यानंतरच्या पंधरा दिवसांत मी जें वागलों तें लिहितांना लाज वाटते. मी एकाएकीं छोट्या हत्तीचा कैवारी झालों. त्याचें तेल कमी जळतें, त्याचे सुटे भाग गल्लोगल्लीं मिळतात, तो आमच्या अंगणांत उभा राहूं शकतो, सामान आणि माणसें वेगळीं असणेंच सुरक्षित, असे एकाहून एक सरस युक्तिवाद मीं मांडले. वर्गांत मी मुलांना सांगतों कीं एखादें पात्र कारणांची फार मोठी यादी देऊं लागलें तर खरें कारण त्या यादींत नसतें. माझ्या यादींत पायपेटी नव्हती.

अण्णांनीं सर्व ऐकून घेतलें. त्यांचें प्लॅस्टर निघालें होतें. ते डाव्या हातांत एक रबरी चेंडू धरून दाबीत होते. "घ्या की," ते म्हणाले. "छोटा हत्ती वाईट नाहीं. मी बसेन त्यांत." तक्रारीचा सूर त्यांत मुळींच नव्हता, आणि म्हणूनच तें वाक्य माझ्या घशाखालीं उतरेना. बंद डब्यांत वडिलांची पायपेटी व्यवस्थित जाणार होती; आणि जिथें तबला तिथें अण्णा, या नियमानें अण्णाहि पुन्हां त्याच जागीं, रात्रीं एक वाजतां, एकट्या चालकाच्या शेजारीं जाणार होते. मी वहींत सर्व वस्तूंचीं मापें लिहिलीं होतीं. अण्णांचें माप लिहिलें नव्हतें.

त्या रात्रीं माडीवर जाऊन मी पायपेटीपाशीं बसलों. सवयीनें दोन्ही पाय पायट्यांवर गेले, आणि तो घोगरा सूर निघाला. शेजारीं हातपेटी होती. विलायतेहून जी आली ती अशीच पायांनीं भाता मारण्याची, खुर्चीवर बसून वाजविण्याची पेटी. १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं तिचे पाय काढले आणि भाता मागें नेऊन हातीं दिला असें सांगतात. त्यामुळें ती बैठकीवर आली, आणि कांखोटीस मारतां येऊं लागली. म्हणजे कार्यक्रमाला वाद्य न्यावयाचें कसें, हा आमचाच प्रश्न एका कारागिरानें दीडशें वर्षांपूर्वीं सोडविला होता. गाडी मोठी न करतां त्यानें वाद्य लहान केलें. मी तें उत्तर रोज मांडीपुढें घेऊन वाजवीत होतों, आणि प्रश्न सुटत नाहीं म्हणून हटून बसलों होतों. वडील स्वतः ही पायपेटी घेऊन कधीं गांवोगांव गेले नव्हते. तिनें गांवोगांव गेलेंच पाहिजे, हा हट्ट त्यांचा नव्हे, माझा होता. माझ्यामागें बसलेल्या श्रोत्यांनीं 'ही प्रोफेसरांच्या वडिलांची' असें कुजबुजावें, ही गोष्ट मला किती आवडत असे, हें त्या रात्रीं मला स्वतःशीं कबूल करावें लागलें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं क्रूझरचा विसार दिला. माझ्या विद्यार्थ्यानें दलाली घेतली नाहीं. त्याऐवजीं त्यानें आपल्या गल्लींतल्या मंडळासाठीं एक कार्यक्रम मागून घेतला, आणि हिशेबीं पाहतां तो फायद्यांत राहिला. मागचीं बांकें निघालीं, नोंद झाली, जाळी बसली. डॉक्टर आणि इंजिनिअर आळीपाळीनें चालवितात. परततांना जो चालविणार असेल त्यानें जेवणानंतर अर्धा तास पडावें, असा नियम बाईंनीं केला आहे, आणि त्या तो वर्गांतल्याप्रमाणें पाळावयास लावतात.

जूनांत आम्ही पहिल्यानें तींतून विट्यास गेलों. अण्णांना मधल्या बांकावर खिडकीची जागा दिली. तबला नेहमींप्रमाणें मांडीवर होता. तासगांव मागें पडल्यावर त्यांनीं मागें वळून जाळींतून पाहिलें. तानपुरा गोधड्यांत निजला होता, पत्र्याची पेटी जागेवर होती. मग त्यांनीं तबल्याची पिशवी मांडीवरून उचलली आणि दोन पायांच्या मध्यें खालीं ठेवली. कोणी कांहीं बोललें नाहीं. थोड्या वेळानें भाऊसाहेब आणि वहिनी यांच्यांत एका पदाच्या जागेवरून वाद लागला, अण्णांनीं उजव्या हातानें बांकावर ठेका धरला, आणि डावा हात, अजून थोडा आखडलेला, गुडघ्यावर घुमूं लागला. मोटारींतून वेगवेगळे जात असतांना हे वाद आमच्यांत कधीं झालेच नव्हते. त्या रात्रीं विट्यास तें पद नेहमींपेक्षां बरें झालें.

पायपेटी घरींच असते. सकाळीं चहापूर्वीं मी तिच्यावर अर्धा तास बसतों. गांवांतल्या गांवांत कार्यक्रम असला म्हणजे मात्र अण्णाच तिचा आग्रह धरतात. गेल्या कोजागिरीला तिच्यासाठीं बाजारांतून हातगाडी आणली. चौघांनीं ती चढविली, दोघांनीं ढकलली, आणि मी वडिलांच्या पायपेटीवर एक हात ठेवून सांगलीच्या पेठेंतून तिच्याबरोबर चालत गेलों. मागून क्रूझर येत होती. इंजिनिअर तींतून डोकें काढून मला सारखा "साइड द्या" म्हणून ओरडत होता.